कच्च्या शिलाईची गाडी

"निळी की पिवळी, एवढं एक सांगा आणि मला निघू द्या," सिस्टर दारात चपला अडकवत म्हणाली.

"सांगतो ना. घाई कसली आहे?" मास्तर म्हणाले. दातांत चार टाचण्या धरलेल्या असल्यामुळे ते कुणावरही रागावल्यासारखेच बोलत.

"घाई? सात महिने झाले!"

"सहा महिने आणि अठरा दिवस," मास्तरांनी माप दुरुस्त केलं.

मास्तर म्हणजे शिंपी. कोट-पँटवाले, जुन्या पद्धतीचे, गळ्यात टेप आणि कानावर खडू. सिस्टर म्हणजे त्यांची बायको, मोठ्या दवाखान्यात नर्स. तिला गल्लीतले सगळेच सिस्टर म्हणत, म्हणून तेही म्हणत. वर घर, खाली दुकान, आणि दुकानाशेजारी गाडी लावायची एक बोळकांडी. एका बाजूला इमारतीची भिंत, दुसऱ्या बाजूला जिन्याची भिंत. बांधणाऱ्याने ती 'पार्किंग' म्हणून विकली होती. त्या गृहस्थाने आयुष्यात कधी गाडी पाहिली होती की नाही, देव जाणे.

आता गाडी का हवी, तर टेकडीवरच्या दवाखान्यासाठी. तो दवाखाना छोटा, पण तिथली मुख्य जागा रिकामी झाली होती. सिस्टरने अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली होती, तिच्या निम्म्या वयाच्या डॉक्टरांना 'सर, सुई उलटी धरलीय' असं हळूच सांगत. आता कुठे स्वतःचा दवाखाना, स्वतःची खुर्ची मिळायची होती. पण दवाखाना उघडतो आठला आणि टेकडीवर जाणारी पहिली बस साडेदहाला. म्हणून अट अशी की, स्वतःची गाडी पाहिजे. त्यासाठी ही बाई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा परीक्षकालाच घाम फोडून पास झाली. सोमवारी सकाळी आठपर्यंत गाडी नसेल, तर जागा दुसऱ्या एका बाईंना जाणार होती. त्या बाईंकडे फक्त स्कूटर होती, पण ती निदान होती.

इथे एखादा धडाडीचा माणूस असता तर डोळे मिटून एक गाडी उचलून आला असता. पण मास्तर धडाडीचे नव्हते. ते शिंपी होते.

शहराबाहेरच्या रस्त्यावर दोन शोरूम समोरासमोर होते. एकात निळी छोटी इलेक्ट्रिक गाडी, दुसऱ्यात पिवळी छोटी इलेक्ट्रिक गाडी. दोन्ही एकाच ताग्यातून कापल्यासारख्या. चार माणसं, दोन पिशव्या, एका चार्जिंगमध्ये दोघींचं अंतर तेवढंच. निळी दोन बोटं आखूड आणि पिवळी एक बोट उंच, हा शोध मास्तरांनी स्वतःच्या टेपने लावला होता. शोरूमवाल्यांनाही तो माहीत नव्हता. अकरा वेळा त्यांनी पिवळी चालवून पाहिली होती. एकदा सुटिंगचे सहा तागे मागे भरून, एकदा मागच्या सीटवर नुसतेच तासभर बसून. का, तर पँटची इस्त्री गुडघ्यात मोडते का ते बघायला. मोडत होती. निळीतही तेवढीच मोडत होती.

तरी एक वेळ निर्णय झाला असता, पण फोनमध्ये एक दाढीवाला निघाला. हा दाढीवाला रोज नव्या गाडीला टेकून उभा राहायचा आणि सांगायचा, "मित्रांनो, घाई करू नका! तीन आठवड्यांत पुढच्या वर्षाचं मॉडेल येतंय!" अशा माणसाला कुणीतरी धरून विचारायला हवं की, बाबा रे, तुझ्या बायकोला सकाळी आठला कुठे पोचायचं असतं का? कंपनीने दर वर्षी दिव्याचा आकार बदलायचा आणि भल्या माणसाने दर वर्षी स्वतःला मूर्ख ठरवून घ्यायचं, असला हा धंदा. पण मास्तर दाढीवाल्याचं ऐकत, वहीत टिपून घेत आणि खाली रेघ मारत. निळीत बारीकसारीक सोयी वाढणार होत्या. पिवळी अंगाने थोडी भरणार होती.

"अगं, कपड्यात आपण माया का ठेवतो?" ते सिस्टरला समजावत. "शिवणीच्या आत चार बोटं कापड जास्तीचं दुमडून ठेवतो. उद्या माणूस जाड झाला तर उसवून वाढवता येतं. ह्या गाड्यांत माया कुठे ठेवलीय? आज घेतली आणि उद्या नवी आली तर काय, उसवायची?"

"मला गाडी चालवायचीय, अंगात घालायची नाहीये," सिस्टर म्हणाली. "आज आणि उद्या माझं ट्रेनिंग आहे, मुक्कामाला चाललेय. शनिवारी दुपारी येईन, तेव्हा गाडी दारात दिसली पाहिजे. निळी, पिवळी, जांभळी, ठिपक्यांची, कुठलीही. कळलं?"

"कळलं."

"टाचण्या काढून सांगा."

मास्तरांनी टाचण्या काढल्या. "कळलं."

ती गेली आणि मास्तर खरोखरच कामाला लागले. त्यांना बायकोची जागा जायला नको होती. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं, म्हणून तर इतकी मापं घेत होते! पण ज्या माणसाने तीस वर्षांत एकही कोट ट्रायलशिवाय शिवला नाही, त्याने गाडी ट्रायलशिवाय घ्यायची? आधी कच्ची शिलाई, मग अंगावर चढवून बघायचं, मग पक्की. धंद्याचा नियम.

तर त्यांनी गाडी शिवली.

सांगतोय ते खरं आहे. वखारीतून बांबू आणले, निळीच्या मापाने बांधले. बॉनेटच्या जागी दुकानातलं इस्त्रीचं टेबल उभं केलं. टपाचा फुगवटा येईना, तेव्हा शोकेसमधले दोन बिनमुंडक्याचे पुतळे आत बसवले, सूटसकट. त्यावर राखी कॅनव्हासचं भलंमोठं कव्हर कच्च्या टाक्याने शिवून चढवलं. सगळीकडे चार बोटं माया ठेवून, म्हणजे उद्या तेच उसवून पिवळीचा आकार बघता येईल. शनिवारी सकाळी नऊला ती वस्तू बोळकांडीत उभी राहिली. दोन्ही बाजूंना बरोबर चार-चार बोटं जागा उरली. मास्तर दोन पावलं मागे सरले आणि त्यांचा ऊर भरून आला. इतकं अंगाला बसलेलं काम बऱ्याच दिवसांत हातून झालं नव्हतं.

"घेतली! अखेर घेतली!" वरून आवाज आला.

वरच्या मजल्यावरचे वकील बनियनवर जिना उतरत होते. वकिलांचं एक होतं. ते स्वतः कधी काही शोधत नसत. दुसऱ्याने डोकं झिजवावं आणि आपण तीच वस्तू आणावी, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. पंखा, चष्मा, मुलीचं कॉलेज, सगळं असंच घेतलेलं.

"नाही हो, ही म्हणजे..." मास्तर सुरू झाले.

"निळीच ना? लपवू नका, आकारावरून कळतं."

"आकार निळीचाच आहे, पण..."

"बस्स! पुढे बोलू नका. सात महिने तुम्ही अभ्यास केलात, मी रोज बघत होतो. तुम्ही घेतली म्हणजे पारखूनच घेतली असणार. वा मास्तर, वा!"

आता इथे मास्तरांनी तोंड उघडायला हवं होतं. सांगायला हवं होतं की साहेब, आत बांबू आहेत. पण माणसाचं मन मोठं नालायक असतं. सात महिने अख्खी गल्ली ज्याला रेंगाळ्या म्हणत होती, त्याला आज पहिल्यांदा कुणीतरी 'वा' म्हटलं होतं, तेही दोनदा. मास्तर नुसते हसले. वकील शर्ट चढवून कुठेतरी घाईने गेले. मग दूधवाला 'वा' म्हणाला, समोरची न्हावीण 'पार्टी कधी?' म्हणाली. मास्तर हसतच राहिले. दुपारी सिस्टर यायच्या आत सगळं सोडून ठेवू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण सिस्टर दुपारी आलीच नाही. ती सव्वाअकरालाच आली.

आली ती मोठ्या डॉक्टरांच्या जीपमधून. नेमणूक ह्याच डॉक्टरांच्या हातात होती. परत येताना त्यांनी तिला सोडलं, म्हणजे खरं तर गाडी आहे की नाही ते बघायलाच आले होते. मोठे डॉक्टर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत. रुग्ण 'दुखतंय' म्हणाला तरी स्वतः दाबून बघत.

सिस्टरने ती राखी वस्तू पाहिली आणि तिचा चेहरा असा उजळला की मास्तरांनी टाचण्या पुन्हा दातांत धरल्या.

"अहो! घेतलीत?" ती एवढंच म्हणाली.

"छान," मोठे डॉक्टर म्हणाले. "मग अडचण संपली. आणा तो कागद." त्यांनी नेमणुकीचा कागद बॉनेटवर पसरला आणि टेकून सही ठोकली. खाली सागवानी इस्त्रीचं टेबल होतं. "भक्कम आहे हो गाडी! हल्ली पत्रा इतका जाड देत नाहीत." मग ते कव्हरच्या फटीजवळ वाकले. "आत कुणी बसलंय का?"

"हो," मास्तर म्हणाले.

"कव्हर घालून?"

"गिऱ्हाइकं आहेत. ट्रायल चालू आहे."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "बरं. सिस्टर, सोमवारी आठला मी टेकडीवर फाटकाशी उभा असेन. गाडी फाटकातून आत आली की तुम्ही तिथल्या मुख्य. नाही आली, तर हा कागद मी परत घेणार." जीप निघून गेली.

सिस्टरने पदराने डोळे टिपले आणि मोठ्या कौतुकाने कव्हर वर उचललं.

आत दोन बिनमुंडक्याचे गृहस्थ सूट घालून शेजारी शेजारी बसले होते.

सिस्टरने कव्हर आणखी वर केलं. गृहस्थ हलले नाहीत.

"हे काय आहे?"

"ट्रायल," मास्तर म्हणाले. "तू म्हणालीस ना, गाडी दारात दिसली पाहिजे... म्हणजे दिसायला... ऐक तर! आज संध्याकाळपर्यंत माया उसवून पिवळीचं बघितलं असतं, आणि मग..."

"आणि हे दोघं?"

"टपाची उंची येत नव्हती."

सिस्टर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. इंजेक्शन देण्याआधी नर्स ज्या गोड आवाजात 'जरा इकडे वळा हं' म्हणते, त्या आवाजात ती म्हणाली, "चला. आत्ता. टेप इथेच ठेवा."

निळीच्या शोरूममधला टायवाला मास्तरांना लांबूनच ओळखत होता. त्याने दोन्ही हात पसरले. "मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू! आमची शेवटची निळी तुमच्यामुळे गेली!"

"माझ्यामुळे?"

"दहा वाजता एक वकील आले. म्हणाले, आमच्या मास्तरांनी सात महिने डोकं झिजवून हीच घेतलीय, मला बघायचीही गरज नाही, काढा. आधी मला कळेना, कारण तुम्ही तर आमच्याकडून घेतली नव्हती. म्हटलं, दुसऱ्या शाखेतून घेतली असेल."

"दुसरी द्या," सिस्टर म्हणाली.

"दुसरी नाही ना बाई. जुना माल संपवलाय. नवीन मॉडेल तीन आठवड्यांनी."

'नवीन मॉडेल' म्हटल्याबरोबर मास्तरांचा चेहरा जरा खुलला. सिस्टरने नुसतं बघितलं. चेहरा मिटला.

दोघं रस्ता ओलांडून पिवळीकडे गेले. तिथल्या चष्मेवाल्या मुलीनेही मान हलवली. माल संपलेला, नवीन मॉडेल तीन आठवड्यांनी. "एकच आहे," ती अडखळत म्हणाली, "लोकांना चालवून बघायला देतो ती. नंबर पडलेला आहे, कागद तयार आहेत, आजच्या आज नेता येईल. पण वापरलेली आहे."

"बघू," सिस्टर म्हणाली.

मास्तरांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि त्यांचं डोकंच फिरलं. "ही? ही गाडी द्यायला तुम्हाला लाज नाही वाटत? सीट बघा, डाव्या बाजूला खचलीय! मागच्या सीटवर कुणीतरी काहीतरी अवजड लादलेलं दिसतंय. दाराला दोरे अडकलेत. आणि ह्या पांढऱ्या रेघा कसल्या? कुठल्या जनावराने वापरलीय ही? माणसाला काही दयामाया..." बोलता बोलता ते चालकाच्या सीटवर बसले आणि किंचाळून उभे राहिले. पँटमध्ये टाचणी घुसली होती.

चष्मेवालीने एक रजिस्टर उघडून पुढे केलं. कुणी, किती वाजता, किती वेळ गाडी चालवून पाहिली, त्याची नोंद. चौदा ओळी होत्या. अकरा ओळींत एकच सही.

"आणि उरलेल्या तीन?" मास्तरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"त्या माझ्या. तुम्ही गेल्यावर गाडी साफ करून आणली त्याच्या."

सिस्टरने टाचणी उपसली, दिव्याला धरून पाहिली. "ओळखीची आहे," ती म्हणाली. "आम्ही हीच घेतो. जुन्या मालकाची मला पूर्ण माहिती आहे."

सगळ्या कागदांवर तिनेच सह्या केल्या. मास्तरांच्या हातात पेनसुद्धा दिलं नाही.

घरी येऊन मास्तरांनी बांबू सोडले, गृहस्थांना दुकानात नेलं आणि बोळकांडी मोकळी केली. सिस्टरने आरसे मिटले आणि पिवळी एका दमात सरळ आत घातली. दोनदा नापास झालेल्या बाईचं ते काम नव्हतं. दोन्ही बाजूंना बरोबर चार-चार बोटं. मास्तरांना राहवेना, त्यांनी टाळ्याच वाजवल्या. "बघ! बघ माप! ह्याला म्हणतात अंगाला बसणं!"

आतून टक् असा आवाज आला. मग पलीकडून टक्. मग काच खाली झाली.

"मास्तर."

"हं?"

"दार."

"दाराचं काय?"

"उघडत नाहीये. चार बोटं उघडतंय. मी चार बोटांची आहे का?"

मास्तरांनी वही काढली. लांबी होती, रुंदी होती, उंची होती, चाकाचा घेर होता, आरशापासून आरशापर्यंत होतं, हातात धरायच्या चाकाची जाडीसुद्धा होती. पानं उलटून उलटून पाहिली. दाराचं माप नव्हतं. बांबूच्या गाडीला दार नव्हतंच, तर माप कुठून येणार?

"सात महिने!" आतून आवाज आला. "अहो, कोटालासुद्धा बटणं लावता ना तुम्ही? माणूस आत कसा जाणार, बाहेर कसा येणार, ह्याचा विचार करता ना?"

शेवटी सिस्टर सीटवरून मागे चढली आणि गाडीचा मागचा दरवाजा आतून ढकलून पाय बाहेर काढू लागली. नेमके तेव्हाच वकील आपली नवी कोरी निळी घेऊन आले. त्यांनी भोंगा वाजवला आणि पिवळीच्या पोटातून निघणाऱ्या सिस्टरकडे पाहून तो वाजतच ठेवला.

"ही पिवळी कुणाची? मास्तर, तुमची निळी कुठे आहे?"

"तिकडे," सिस्टर साडी सारखी करत म्हणाली आणि कोपऱ्यातल्या बांबूंकडे बोट दाखवलं.

वकिलांनी बांबूंकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. "म्हणजे मी... मी तुमच्या भरवशावर गाडी घेतली!"

"मीही," सिस्टर म्हणाली. "लग्नच केलं होतं."

वकील संतापले, काहीबाही पुटपुटले आणि निळी फर्रकन जिन्याच्या पलीकडच्या बोळकांडीत घातली. तीही त्याच बांधणाऱ्याची, त्याच मापाची. थोड्या वेळाने तिकडूनही आवाज आला. टक्. मग टक्.

"मागून या, वकीलसाहेब!" मास्तर ओरडले. "मागचा दरवाजा आतून ढकला!"

"ढकलतोय! उघडत नाही! आतून कडीच नाहीये!"

मास्तरांनी वही उलटली. दाढीवाल्याने सांगितलेलं एक वाक्य तिथे रेघ मारून लिहिलं होतं. निळीचा मागचा दरवाजा आतून उघडायची सोय नवीन मॉडेलमध्ये येणार. निळी आणि पिवळी यांच्यातला खरा फरक अखेर सापडला होता. तो सांगायला मास्तर मोठ्या उत्साहाने जिन्याच्या पलीकडे गेले, पण वकिलांनी काच वर केली.

सोमवारी आठला दहा मिनिटं कमी असताना पिवळी टेकडीवरच्या फाटकातून आत गेली. मोठे डॉक्टर उभे होतेच. त्यांनी गाडीला चक्कर मारली, बॉनेट ठोकून पाहिलं, पुन्हा ठोकलं. "परवा हे जास्त जाड लागलं होतं मला."

"तुम्ही दमला होता, सर," सिस्टर म्हणाली, आणि दवाखान्याचं कुलूप स्वतःच्या किल्लीने उघडून आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

तेव्हापासून पिवळी रस्त्यावर, दुकानासमोर उभी असते, उन्हात. चार्जिंगची वायर दुकानाच्या खिडकीतून येते. तीन आठवड्यांनी नवीन मॉडेलं आली. नवी पिवळी खरंच अंगाने भरली होती. ती बोळकांडीत शिरलीही नसती. चष्मेवालीने सवयीने फोन केला, "मास्तर, नवीन गाडी आलीय, चालवून बघता?" फोन सिस्टरने घेतला होता. ती म्हणाली, "बघतील, पण टाचण्या काढून घ्या त्यांच्या."

कव्हर मात्र वाया गेलं. सिस्टरला सकाळी घाई असते, ते काढत-घालत बसायला तिला वेळ नाही. आता एवढं मापात शिवलेलं काम फेकवतं का कुणाला? मास्तरांनी बोळकांडीत बांबू पुन्हा बांधले, टेबल लावलं, दोन्ही गृहस्थांना जागेवर बसवलं, कच्चे टाके उसवून पक्की शिलाई मारली. आता ते इस्त्रीही तिथेच करतात आणि गिऱ्हाइकं बॉनेटवरून कपडे घेऊन जातात. रविवारी दुपारी मास्तर कव्हर वर करून त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसतात, गुडघ्यावर वही ठेवतात आणि दाढीवाल्याचं ऐकतात.

गाडी उत्तम आहे. तिला दारं नाहीत, त्यामुळे उतरताना काही अडचण येत नाही.